खंडेनवमीला रिकामी केलेली टोपली

हरिओमने आयुष्यात कधी केरसुणीला हात लावला नव्हता, आणि संजीवनीची सगळी सुरक्षितता त्या एका वस्तुस्थितीवर उभी होती.

खामगावकडच्या उंद्रीच्या बाजारओळीत त्याचे बी-बियाण्यांचे आणि फवारणीच्या औषधांचे दुकान होते. दुकानात तो सोयाबीनच्या वाणांबद्दल बोले ते अडाण्यासारखे नसे. त्याला ठाऊक असलेली ती एकमेव गोष्ट होती आणि ती तो नीट सांगे. पण घरच्या बैठकीत कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून त्याच्या अंगात एक गुरू शिरला. कॉम्प्युटर जुना, दुसऱ्याच्या कचेरीतून उतरलेला. त्यावर नणंद डिंपलने विणलेली क्रोशाची झालर चोवीस तास असे. यंत्र तापून गुरगुरू लागले तरी झालर निघत नसे, कारण पाहुण्यांना ती दिसायला हवी. सुरू केल्याबरोबर हरिओम पडदा एकसारखा रिफ्रेश करी. डोळे अर्धवट मिटून, बटण दाबत, जप करावा तसा. काम संपले की विहिरीवरची मोटर बंद करावी तसा थेट भिंतीवरचा खटका पाडी. पासवर्ड विसरू नये म्हणून तो त्याने दिवाळीत ‘शुभ लाभ’च्या खालीच ऑइलपेंटने लिहून घेतला होता, आणि रंगाऱ्याने त्याच्या दोन्ही बाजूंना स्वस्तिके काढली होती. घरात येणारा प्रत्येक माणूस पाणी पिता पिता तो पासवर्ड वाची.

एवढ्यावर तो थांबता तर संजीवनीने त्याला क्षमा केली असती. पण त्याने मोबाईलवर एक ग्रुप काढला, ‘घरगुती कॉम्प्युटर ज्ञान’, आणि रोज सकाळी तो गावाला टिपा देऊ लागला. कुठून तरी आलेली माहिती, तिच्यापुढे जोडलेले हात, मागे गुलाब. कीबोर्डवर कापूर ठेवल्यास व्हायरस येत नाही. स्क्रीनकडे पाहताना पूर्वेला तोंड असावे. गावही त्याच लायकीचे. खालून अंगठे वर येत.

संजीवनी खामगावची. मराठी घेऊन एम.ए. झालेली, सुवर्णपदक मिळवलेली. आधुनिक कवितेच्या अंधाऱ्या, चिरेबंद ओळींवर जिचे तारुण्य पोसले होते अशी. ती कधी भांडली नाही. तिचा तिरस्कार दुधातल्या विरजणासारखा होता: हलत नव्हता, वाजत नव्हता, आणि सकाळ होईतो सारे काही घट्ट करून ठेवत होता. सासूशी ती पुस्तकी मराठीत बोले. ते आदराने नव्हे, हे सासूलाही कळत असे.

ती कविता लिहीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने एक कविता पडद्यावर तशीच उघडी ठेवली होती; लोणारच्या विवराकाठी सुचलेली, त्या खारट, हिरव्या, स्वतःतच साकळलेल्या पाण्याविषयीची. हरिओमला ती सापडली. त्याने तिच्यातल्या न कळलेल्या दोन ओळी काढून टाकल्या, उरलेल्या उगवत्या सूर्याच्या चित्रावर डकवल्या, वर ‘सुप्रभात मित्रहो’ लिहिले आणि साऱ्या तालुक्याला पाठवून दिल्या. संध्याकाळी तो तिला मोबाईल दाखवायला आला तेव्हा त्याचा चेहरा प्रेमाने फुलला होता. हे सर्वांत वाईट होते. लोक कसे खूश झाले, हे त्याने तिला एकेक करून वाचून दाखवले. आपले अंतर्वस्त्र कोणीतरी धुऊन, इस्त्री करून, चौकात वाळत घालावे आणि वर आपल्याकडून आभारांची वाट पाहावी, तसे तिला वाटले.

त्यानंतर कविता लपवणे भाग होते. जागा तिला सासूने दाखवली, नकळत. मंजुळाबाई आपली सोन्याची पोत कपाटात ठेवत नसत. न्हाणीघराच्या बाहेर फडक्यांचे, चिंध्यांचे एक बोचके पडलेले असे, त्याच्या पोटात त्या ती ठेवत. चोर कपाट फोडतो, चिंध्या कोणी उलगडत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या भागातल्या पुष्कळ घरांत बायका असेच करतात. मौल्यवान ते टाकाऊत दडवतात, कारण घरातल्या पुरुषांची नजर टाकाऊवर ठरत नाही हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव.

संजीवनीने तेच केले. पडद्याच्या कोपऱ्यात कचराटोपलीचे ते छोटे चित्र असते ना, डिलीट केलेल्या फायली जिथे जाऊन पडतात, तिथे तिने आपला कवितासंग्रह ठेवला. दुपारी मंजुळाबाई आडव्या झाल्या की ती टोपलीतून फाईल परत बाहेर काढी, एखादा शब्द बदली, एखादी ओळ जाळून टाकी, आणि उठताना फाईल पुन्हा डिलीट करून टोपलीत टाकी. त्या विधीचे तिला एक काळेसावळे सुख होते. आपले पुस्तक रोज मरते आणि रोज आपल्या हाकेला उठते, असे तिला वाटे.

दुसरी प्रत नव्हती. प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुसरीकडे असावी, हे तिला हरिओमच्या साऱ्या ग्रुपपेक्षा चांगले ठाऊक होते. तिच्याकडे सबबीही होत्या. घरातला एकुलता पेन ड्राइव्ह हरिओमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकलेला. तिचा मोबाईल त्याचा उतरलेला आणि तुडुंब भरलेला. ई-मेल त्यानेच काढून दिलेला आणि त्याचा पासवर्ड स्वस्तिकांच्या मध्ये. पण खरे कारण सबबींच्या तळाशी होते. ज्याने कधी केर भरला नाही तो माणूस कचऱ्याच्या टोपलीपर्यंत पोचू शकतो, ही कल्पनाच तिला शिवली नाही.

आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने, तिने हाताने उतरवून टपालाने पाठवलेल्या मोजक्या कविता वाचून, दिवाळीनंतर पूर्ण संग्रह मागितला होता.

खंडेनवमीच्या सकाळी घरातली सारी औजारे बैठकीत मांडली गेली. विळा, खुरपी, फवारणीचा पंप, दुकानातला तराजू, मंजुळाबाईंची विळी, आणि या सर्वांच्या मध्ये, नवरदेवासारखा, कॉम्प्युटर. हरिओमने त्याला झेंडूचा हार घातला. कीबोर्डच्या फटीफटीत हळदकुंकू भरले. खालच्या खोक्याच्या जाळीवर, जिथून पंखा हवा आत ओढतो, नेमकी तिथेच त्याने कुंकवाची बोटे ओढली. पंखा फिरला की ते सारे आत जाणार, हे संजीवनीला दिसत होते आणि ती बोलली नाही. मूर्खाला मूर्खपणाची पूर्ण मुभा द्यावी, असे तिचे धोरण होते.

पूजा आटोपल्यावर मंजुळाबाईंनी घरातला जुना दंडक सांगितला. पुजलेल्या औजाराला दुसऱ्या दिवशी सोनं वाटेपर्यंत विसावा द्यायचा. त्याला कोणी चालवायचे नाही. तिथे संजीवनीला गप्प बसवेना. तिरस्कार पुष्कळ दिवस साठला की त्याला एखाद्या चांगल्या वाक्याचा मोह होतो.

“यंत्र आहे ते, सासूबाई,” ती म्हणाली. “बैल नाही, विसावा द्यायला.”

मंजुळाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि निरांजन उचलून त्या आत गेल्या. हरिओम मात्र उजळला. “हाव, बरोबर हाय,” तो म्हणाला. “शिकेल मानूस घरात असलं का असा फायदा होते.”

दुपारी जेवणे झाली. शेजारचे निवृत्तीभाऊ पान खायला आले होते. त्यांच्याही घरी नातवंडांसाठी घेतलेला एक कॉम्प्युटर होता, म्हणून हरिओम त्यांना आपला पट्टशिष्य समजे. संजीवनी स्वयंपाकघरात उरलेल्या पुरणाची व्यवस्था लावत होती. बाहेरून हरिओमचा प्रवचनाचा सूर येत होता. घट बसायच्या आधी आपण घरे झाडली, माळे झाडले, गोठे झाडले. पण या मशीनचे पोट कोणी झाडले काय? नवी टिप आली होती. टोपलीत कचरा साचला की मशीन सुस्तावते. मग त्याने निवृत्तीभाऊंना पडद्याजवळ बोलावले आणि किती घाण साचली होती पाहा, असे म्हणाला.

संजीवनीच्या हातातली पळी थांबली. त्याच क्षणी स्पीकरमधून कागद चुरगळल्यासारखा तो आवाज आला. टोपली रिकामी झाली की यंत्र तो आवाज करते. कारखान्यात कोणीतरी परक्या माणसाने ध्वनिमुद्रित करून ठेवलेला, साऱ्या जगात एकसारखा वाजणारा आवाज. पण तिला तो आपल्याच छातीतून आल्यासारखा वाटला.

ती दारात येऊन उभी राहिली. पळीतून पुरण जमिनीवर पडत होते. तिचे मन मात्र विलक्षण थंड चालत होते. पुसले म्हणून लगेच पुसले जात नाही. यंत्र फक्त पत्ता विसरते. ज्या खोलीत फाईल राहत होती ती खोली तशीच असते, नवा भाडेकरू येईपर्यंत. तेव्हा आता करायचे ते एकच: या यंत्रावर नवे काहीही लिहिले जाऊ द्यायचे नाही. ते बंद करायचे आणि जाणत्याच्या हाती द्यायचे.

हरिओमने किल्ल्यांचे जुडगे काढून पेन ड्राइव्ह खोचला. आता जागा झाली होती. डिंपलच्या लग्नाचे सारे चित्रण तो आत भरणार होता. पडद्यावर हिरवी पट्टी उमटली आणि सरकू लागली. मेंदीपासून सुरुवात.

एक वाक्य पुरले असते. त्या टोपलीत माझ्या कविता होत्या. तिने ते वाक्य जिभेवर घेऊन पाहिले. मग निवृत्तीभाऊंचे उघडे तोंड, हरिओमचे कचऱ्यात कोणी ठेवते का असे खदखदणे, आणि कविता परत मिळाल्याच तर त्यांचे उगवत्या सूर्यावर जाणे, हे सारे तिला दिसले. तिने वाक्य गिळले. पूजा झालेली आहे, सासूबाईंनी सांगितले होते, आज यंत्र चालवू नये, असे ती म्हणाली. आणि म्हणतानाच आपला आवाज किती पडका आहे हे तिला ऐकू आले.

“तूच त म्हने ना वं सकाळी, बैल नाही म्हून,” हरिओम हसून म्हणाला. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर मंजुळाबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त अडकित्ता एकदा जोरात वाजला.

संजीवनी मागच्या अंगणात गेली आणि तिने मीटरजवळचा मुख्य खटका पाडला. पंखे थांबले. बैठकीतून लाईट गेल्याची नेहमीची कुरकूर ऐकू आली. शेजारचा पंखा फिरतो आहे हे कोणाच्या ध्यानात येईपर्यंतच हा अवधी होता. न्हाणीघराशी, चिंध्यांच्या बोचक्यावर बसून, तिने मोबाईल काढला.

हरिओम बायकोचे ऐकणार नव्हता, आईचे ऐकणार नव्हता. तो ऐके ते फक्त अनोळखी, पुढे ढकलत आलेल्या मजकुराचे. ज्याला लेखक नाही तेच त्याला प्रमाण. तेव्हा तिने लिहिले:

‘सावधान मित्रहो. टोपली रिकामी केल्यावर मशीनचे पोट रिकामे होते. रिकाम्या पोटी मशीनला जड फाईल खाऊ घातल्यास आतली तबकडी कोरडी पडून फाटते. एका सज्जनाने दुर्लक्ष केले, त्यांचे मशीन धुराने काळे झाले. टोपली रिकामी करताच मशीन बंद करावे व जाणकाराकडून पोट तपासून मगच सुरू करावे. ही माहिती जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी दडवून ठेवली होती. अकरा जणांना पाठवा.’

तिने ते एकदाही खोडले नाही. एका विशेषणासाठी महिना महिना थांबणारी संजीवनी एका दमात हे लिहून गेली, आणि ते इतके सहज, इतके अचूक, इतके त्या गावाच्या रक्तातले उतरले की तिला क्षणभर स्वतःची किळस आली. जे आपण नाक मुरडून वाचत होतो ते आपल्या आत पाठ होऊन बसले होते.

धम्मशीला ही तिची महाविद्यालयातली मैत्रीण. खामगावला बसस्थानकाजवळ तिचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान होते, आणि व्यापाऱ्यांच्या ज्या ग्रुपमध्ये हरिओम होता त्यात तीही होती. संजीवनीने तिला मजकूर पाठवला आणि खाली लिहिले की कारण विचारू नकोस, दोन-तीन ठिकाणांहून फिरवून आत्ताच्या आत्ता त्या ग्रुपमध्ये टाक. धम्मशीलाचे उत्तर आले: टाकला, पण यंत्र आणायचे असेल तर आजच आण, उद्या मी दीक्षाभूमीला, नागपूरला निघाले.

संजीवनीने खटका वर केला आणि ती बैठकीत आली तेव्हा हरिओम मोबाईल डोळ्यांपाशी धरून वाचत होता. त्याचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे जाता जाता हवेतच थांबला. त्याने मजकूर निवृत्तीभाऊंना मोठ्याने वाचून दाखवला. निवृत्तीभाऊ घाबरे होऊन उठले. त्यांनी सकाळीच, याच गुरूच्या उपदेशाने, आपली टोपली रिकामी केली होती.

मशीन खामगावला न्यावे लागणार हे ठरले. पण स्वतः गुरूने आपले यंत्र दुरुस्तीला नेताना गावाने पाहणे हरिओमला परवडणारे नव्हते. संजीवनीने माहेरी दसऱ्याला भेटायला म्हणून जावे, आणि जाता जाता खोके न्यावे, असे त्यानेच सुचवले. तिने जराशी कुरकूर केली. कुरकूर केल्याशिवाय नवऱ्याला आपली कल्पना चांगली वाटत नाही.

एसटीत खोके तिच्या मांडीवर होते, चादरीत गुंडाळलेले. गाठीतून झेंडूच्या पाकळ्या बाहेर आल्या होत्या आणि कुंकवाने चादर लाल झाली होती. शेजारच्या म्हातारीने बराच वेळ पाहून विचारले, “देव हाय का बाई?”

“हो,” संजीवनी म्हणाली.

म्हातारीने चादरीला हात लावून कपाळाला लावला, आणि उतरेपर्यंत ती सरकून, अंग चोरून बसली. संजीवनी खिडकीबाहेर बघत राहिली. कपाशी फुटायला लागली होती. एवढ्या मोकळ्या शिवारात एवढी अंधारी माणसे कशी पिकतात, याचा तिने पूर्वी पुष्कळ विचार केला होता. आज तो विचार नेहमीच्या रुबाबात येईना.

धम्मशीलाने खोके उघडले, पंख्यावर थापलेले कुंकू ब्रशाने झाडले, फायली साठवणारी आतली तबकडी सोडवून आपल्या यंत्राला जोडली आणि हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम सुरू केला. मग तिने सहज विचारले की फाईल होती कुठे. संजीवनीने सांगितले. धम्मशीलाचे हात थांबले.

“कचराटोपलीत,” तिने परत म्हटले. “अन् दुसरी कॉपी?”

“नाही.”

“सुवर्णपदक होतं ना वं तुले?”

धम्मशीला हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते. गिऱ्हाइकाच्या यंत्रात झुरळ सापडावे तशा कोरड्या नजरेने तिने मैत्रिणीकडे पाहिले.

“लोकं इथं येऊन खोटं बोलतात,” ती म्हणाली. “मी काई नाही केलं, आपोआप झालं म्हनतात. तू निदान खरं बोल. काऊन ठेवलं तिथं?”

“तो तिथे हात घालणार नाही, अशी खात्री होती.”

“म्हनजे तुह्या पुस्तकाले कुलूप काय होतं? त्याचं येडपन?” ती पडद्याकडे वळली. “येड्याचा काय भरोसा वं. त्याले कोनीबी काईबी सांगून राह्यलं. आज हे सांगतलं.”

दिवेलागणीच्या सुमारास फाईल मिळाली. नाव गेले होते, तारीख गेली होती. धम्मशीलाने ती उघडली. पहिली कविता जशीच्या तशी होती, दुसरीही. संजीवनी उभ्यानेच वाचत खाली सरकत गेली. साधारण मध्यावर, एका कवितेच्या चौथ्या ओळीत, एका शब्दाच्या अर्ध्यातून चौकोन सुरू झाले. रिकामे, काळ्या कडांचे, ओळीने लागलेले चौकोन, शेवटपर्यंत. खटका पाडण्याआधी हिरवी पट्टी जेवढी सरकली होती तेवढ्यात डिंपलची मेंदी येऊन त्या जागी बसली होती. अर्ध्या पुस्तकात आता कोणाचे तरी कोपरापर्यंत रंगलेले हात होते, आणि ते कधीच निघणार नव्हते.

गेलेल्या कवितांतल्या काही ओळी तिला पाठ होत्या. रात्री माहेरी अंथरुणावर पडून तिने त्या आठवून पाहिल्या. पाठ राहिल्या होत्या त्या नेमक्या तिच्या वाईट ओळी होत्या. टाळ्या मिळतील अशा. चांगल्या ओळींनी तिच्या डोक्यात घर केलेच नव्हते.

उरलेल्या अर्ध्याच्या दोन प्रती झाल्या. एक धम्मशीलाच्या दुकानात राहिली, एक लहानशा पेन ड्राइव्हमध्ये; तो तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. दसऱ्याच्या दुपारी ती खोके घेऊन उंद्रीला उतरली. मंजुळाबाईंनी तिच्या हातात आपट्याची पाने ठेवली. मग न्हाणीघराच्या बाजूला जाऊन त्यांनी सणासाठी आपली पोत बोचक्यातून काढून गळ्यात घातली.

हरिओम आनंदात होता. त्याच्या ग्रुपला कधी नव्हे एवढी कीर्ती आली होती. त्याने पुढे पाठवलेला तो मजकूर मेहकरला पोचला होता, लोणारला पोचला होता; काल संध्याकाळपासून तालुक्यातल्या किती घरांतले कॉम्प्युटर भीतीने बंद पडून होते याचा हिशेब नव्हता. लोक त्याला फोन करून विचारत होते. त्याने खोक्याचे पोट ठीक निघाले का एवढेच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तिला खाटेवर बसवून घेतले.

“तू लिवते ना काईबाई,” तो प्रेमाने म्हणाला. “हे पाहाय. असं लिवावं लागते. वाचलं का मानसाले समजलं पाह्यजे.”

आणि तो तिला तिचाच मजकूर वाचून दाखवू लागला, ठासून, प्रत्येक शब्द चघळत. त्याला ते जवळपास पाठ झाले होते. तिच्या लेखणीतून उतरलेले, एकही ओळ न गाळता, उगवत्या सूर्याशिवाय, या जिल्ह्यात वाचले गेलेले ते पहिले लेखन होते. तिने मान खाली घालून ऐकले. जर्मनीचे शास्त्रज्ञ आले, अकरा जण आले. ती उठायला लागली.

“थांब, आज सकाळी नवीन आला त्यात खाली आनखी हाय,” हरिओम म्हणाला आणि त्याने पडदा सरकवला. ‘विशेष सूचना. मौल्यवान वस्तू कचऱ्याच्या टोपलीत ठेवणाऱ्याने दुसऱ्याच्या अकलेला हसू नये.’

नागपूरच्या वाटेवर, गाडीत बसून, धम्मशीलाने दोन्ही अंगठ्यांनी ते कसे लिहिले असेल, हे संजीवनीला डोळ्यांपुढे दिसले.

हरिओमने ती सूचना दुसऱ्यांदा वाचली, मग त्याला हसू फुटले. तो मांडीवर थाप मारून हसला. आतून मंजुळाबाईही बाहेर येऊन उभ्या राहिल्या. “कचऱ्यात,” तो म्हणाला. “सांग बरं. एवढं येडं कोन असन वं?”

संजीवनीने पदराच्या टोकाची गाठ मुठीत धरली. सासूच्या गळ्यातली पोत दारातून आलेल्या उन्हात चमकत होती. तिच्या मण्यांत अजून एका चिंधीचा धागा अडकलेला होता.

“असतात,” ती म्हणाली, आणि कॉम्प्युटरवरची झालर काढून तिने ती घडी घालून बाजूला ठेवली.